ऑनलाइन बाजारपेठ कशी उभी राहते? विक्रेते कुठून येतात, नोंदणी कशी होते आणि पैसे कुठे जातात?

मोबाइलवर एखादी कुर्ती, मिक्सरचं भांडं किंवा कोकम सरबताची बाटली मागवली की पार्सलवर ॲपचं नाव मोठ्या अक्षरात असतं. बिल नीट वाचलं तर 'सोल्ड बाय' या शब्दांपुढे वेगळंच नाव दिसतं: सुरतेचा एखादा व्यापारी, भिवंडीतलं गोदाम किंवा सिंधुदुर्गातला बचत गट. म्हणजे माल ॲपचा नसतो. ॲप फक्त बाजार भरवतं आणि माल विक्रेत्यांचा असतो. असा बाजार नव्याने उभा कसा करतात, त्यात विक्रेते कसे आणतात आणि त्या विक्रेत्याच्या हातात शेवटी किती पैसे उरतात, याची ही माहिती.

ऑनलाइन दुकान आणि ऑनलाइन बाजारपेठ यांत फरक काय?

ऑनलाइन दुकानात कंपनी स्वतः माल विकत घेते, गोदामात ठेवते आणि विकते. माल पडून राहिला तर तोटा तिचा. याला इन्व्हेंटरी पद्धत म्हणतात. ऑनलाइन बाजारपेठेत, म्हणजे मार्केटप्लेसमध्ये, कंपनी जागा देते, ग्राहक आणते, पैसे गोळा करते, अनेकदा कुरिअरची सोयही करते आणि या कामाचं कमिशन घेते. माल आणि त्यातली गुंतवणूक विक्रेत्याची असते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आठवडी बाजारात जागेचं भाडं देऊन माल मांडला जातो, बाजार समितीत आडत्या व्यवहार जुळवून आडत घेतो. ऑनलाइन बाजारपेठ ही दोन्ही कामं एकत्र करते. फरक इतकाच की, कोणाचं दुकान तोंडावर आणि कोणाचं मागच्या गल्लीत, हे इथे संगणकाची क्रमवारी ठरवते.

भारतात हा फरक कायद्यानेही महत्त्वाचा ठरतो. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला ग्राहकांना थेट विकणारं, सर्व प्रकारच्या मालाचं ऑनलाइन दुकान सहसा चालवता येत नाही. मार्च २०१६ च्या प्रेस नोट ३ नुसार बाजारपेठ पद्धतीत मात्र १०० टक्के परदेशी गुंतवणूक चालते. त्यामुळे भारतातल्या मोठ्या परदेशी गुंतवणुकीच्या ॲपना बाहेरचे विक्रेते जोडावेच लागतात.

आधी विक्रेता की आधी ग्राहक?

नव्या बाजारपेठेची पहिली अडचण हीच. माल नसेल तर ग्राहक फिरकत नाही, आणि ग्राहक नसेल तर विक्रेता माल मांडत नाही. अर्थशास्त्रात याला दुहेरी बाजू असलेला बाजार म्हणतात. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल या फ्रेंच अर्थतज्ज्ञांचा २००३ चा शोधनिबंध या विषयावर प्रसिद्ध आहे. तिरोल यांना २०१४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीचा सोपा अर्थ असा: दोन्ही बाजूंना सारखा दर लावून चालत नाही. ज्या बाजूशिवाय बाजार भरणार नाही, तिला स्वस्तात किंवा फुकट आत घ्यावं लागतं आणि खर्च दुसऱ्या बाजूकडून काढावा लागतो.

आजवरच्या बाजारपेठांनी ही कोंडी वेगवेगळ्या प्रकारे फोडली.

अमेरिकेत ॲमेझॉनने आधी स्वतःचा माल विकून ग्राहक जमवले. मग मार्च १९९९ मध्ये 'ऑक्शन्स' आणि त्याच वर्षी 'झेडशॉप्स' हे विभाग बाहेरच्या विक्रेत्यांसाठी सुरू केले. दोन्ही फारसे चालले नाहीत, कारण ते विभाग वेगळे होते आणि ग्राहक तिकडे जातच नव्हता. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने बाहेरच्या विक्रेत्याचा माल आपल्याच मालाच्या पानावर, शेजारी दाखवायला सुरुवात केली. १९९९ मध्ये ॲमेझॉनवरच्या वस्तूंच्या विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा ३ टक्के होता. २०१८ मध्ये तो ५८ टक्के झाला. धडा साधा आहे: ग्राहक जिथे आधीच उभा आहे, तिथेच विक्रेत्याला जागा द्यावी लागते.

चीनमध्ये अलिबाबाने २००३ मध्ये 'ताओबाओ' सुरू केलं, तेव्हा ईबे तिथे आधीच पाय रोवून होती. ताओबाओने विक्रेत्यांकडून माल मांडण्याचे पैसे घेतले नाहीत. शिवाय 'अलीपे'च्या माध्यमातून एक व्यवस्था आणली: ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबतात आणि माल मिळाल्यावरच विक्रेत्याला जातात. अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याची भीती त्यामुळे कमी झाली. २००६ च्या अखेरीस ईबेने चीनमधली आपली स्वतंत्र साइट बंद केली.

भारतात फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालं. २०१० मध्ये त्याने 'माल हातात, मग पैसे' म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि २०१३ मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांसाठी बाजारपेठ उघडली. मीशोने २०१५ पासून व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून ओळखीपाळखीत माल विकणाऱ्यांना, त्यातही मोठ्या संख्येने गृहिणींना, जोडून घेतलं. पुढे २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं. तिथे उत्पन्न जाहिरातींसारख्या इतर सेवांतून काढलं जातं.

पहिले विक्रेते दारोदार जाऊन आणावे लागतात

जाहिरात दिली आणि विक्रेते आले, असं सुरुवातीला होत नाही. ॲमेझॉन भारतात ५ जून २०१३ रोजी पुस्तकं आणि चित्रपटांच्या डीव्हीडी घेऊन सुरू झालं. छोट्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन विक्रीचा अनुभव नव्हता आणि वेळही नव्हता. मग कंपनीने तीन चाकी चहाच्या गाड्या बाजारपेठांतून फिरवल्या. दुकानदाराला चहा, पाणी, लिंबू सरबत द्यायचं आणि गप्पा मारता मारता ऑनलाइन विक्री समजावायची. कंपनीच्या २०१५ च्या भागधारक पत्रानुसार या गाड्या ३१ शहरांत १५,२८० किलोमीटर फिरल्या, ३७,२०० कप चहा वाटला गेला आणि १०,००० हून अधिक विक्रेत्यांशी बोलणं झालं.

या गप्पांतून कळलं की दुकानदाराला विक्री नको नव्हती, त्याला कागदपत्रं, फोटो आणि संगणकाचं काम अवघड वाटत होतं. म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये 'तत्काळ' नावाची फिरती गाडी सुरू झाली. नोंदणी, मालाचे फोटो, यादी तयार करणं आणि थोडं प्रशिक्षण, हे सगळं गाडीतच.

नवी बाजारपेठ उभारणाऱ्याला यातून तीन गोष्टी घेता येतात. एक, सुरुवात एखाद्या शहरापासून किंवा एखाद्या प्रकारच्या मालापासून करावी. दहा प्रकारांत दोन-दोन विक्रेते असण्यापेक्षा एका प्रकारात वीस असले तर ग्राहकाला निवड मिळते. दोन, नोंदणी झालेले विक्रेते मोजण्यापेक्षा पहिली ऑर्डर वेळेत पाठवलेले विक्रेते मोजावेत. नोंदणी करून गप्प बसलेले विक्रेते हे रिकामे गाळे असतात. तीन, पहिल्या ऑर्डरपर्यंत विक्रेत्याचा हात सोडू नये.

नोंदणीचे टप्पे कोणते?

प्रत्येक ॲपची पद्धत थोडी वेगळी असते, पण क्रम साधारण असा असतो.

१. ओळख: पॅन, मोबाइल क्रमांक, व्यवसायाचं नाव, पत्ता. व्यवसाय एकट्याचा, भागीदारीचा की कंपनीचा, हेही विचारलं जातं.

२. जीएसटी: बहुतेक विक्रेत्यांना जीएसटी क्रमांक लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना यात सवलत आहे. ज्याची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी आहे (महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख रुपये), तो जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन विकू शकतो. अट अशी की विक्री फक्त आपल्या राज्यातच करायची. म्हणजे या सवलतीखाली सावंतवाडीतली उद्योजिका आपलं कोकम सरबत नागपूरला पाठवू शकते, पण जवळच्या म्हापशाला नाही, कारण मध्ये गोव्याची हद्द येते.

३. बँक खातं: खातं व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावाचं असावं लागतं. अनेक ॲप एक रुपया जमा करून नाव जुळतं का ते तपासतात. पॅन, जीएसटी आणि बँकेतलं नाव यांत स्पेलिंगचा फरक असला की अर्ज अडकतो.

४. परवाने: खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. ब्रँडच्या नावाने विकायचं तर ट्रेडमार्क किंवा ब्रँडमालकाचं पत्र मागितलं जातं.

५. मालाची यादी: यालाच कॅटलॉग किंवा लिस्टिंग म्हणतात. नाव, प्रकार, एचएसएन कोड, माप, वजन, किंमत, साठा, फोटो. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी यांसारखी माहिती छापणं वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि त्यातली बहुतेक माहिती ऑनलाइनही दाखवावी लागते.

६. पाठवणी: माल कुठून उचलायचा, पॅकिंग कोण करणार, ऑर्डर आल्यापासून किती तासांत पार्सल तयार होईल, हे ठरवावं लागतं.

सगळ्यांत जास्त वेळ पाचव्या टप्प्यात जातो आणि नवे विक्रेते तिथेच गळतात. दुकानात गिऱ्हाईक कापड हातात घेऊन बघतं. ऑनलाइन त्याला फोटो आणि चार ओळींवर विश्वास ठेवावा लागतो. 'लाल रंग' असं लिहून मरून रंगाची साडी पाठवली, की ती परत येते.

विक्रेत्याच्या हातात किती उरतं?

हा हिशेब आधी मांडला नाही तर विक्री वाढते आणि गल्ला मात्र रिकामा राहतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दर ॲपनुसार बदलतात, पण रीत हीच.

समजा वस्तूची किंमत ५९० रुपये आहे. यात ५०० रुपये मूळ किंमत आणि १८ टक्क्यांनी ९० रुपये जीएसटी.

• कमिशन १० टक्के: ५९ रुपये
• प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क: २० रुपये
• कुरिअर: ६० रुपये
• एकूण सेवाशुल्क: १३९ रुपये
• या शुल्कावर १८ टक्के जीएसटी: २५.०२ रुपये

याशिवाय बाजारपेठ दोन कर कापून सरकारकडे भरते. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे, म्हणजे ५०० रुपयांवर २.५० रुपये. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, म्हणजे ०.५० रुपये. हे दोन्ही विक्रेत्याच्या नावावर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात.

तर खात्यात येतात ४२२.९८ रुपये. पण हे सगळे विक्रेत्याचे नाहीत. त्यातूनच जीएसटी भरायचा आहे. शुल्कावर दिलेल्या जीएसटीची वजावट आणि कापलेले कर धरून हिशेब केला, तर हातात खरे उरतात ३६१ रुपये. वस्तू बनवायला २८० आणि पॅकिंगला १५ रुपये लागले, तर नफा ६६ रुपये.

आता परत येणारा माल धरू. समजा एका परतीमागे दोन्ही बाजूंचं कुरिअर १२० आणि वाया गेलेलं पॅकिंग १५, असा १३५ रुपयांचा फटका विक्रेत्याला बसतो.

• दहांतली एकही ऑर्डर परत आली नाही: नफा ६६० रुपये
• एक परत आली: ४५९ रुपये
• दोन परत आल्या: २५८ रुपये
• तीन परत आल्या: ५७ रुपये
• चार परत आल्या: १४४ रुपये तोटा

इथे परत आलेली वस्तू धडधाकट आहे असं धरलं आहे. ती फाटली, वापरली गेली किंवा बदलली गेली, तर तोटा आणखी वाढतो. कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये आणखी एक प्रकार असतो. ग्राहक दारच उघडत नाही किंवा 'नको' म्हणतो, आणि पार्सल न उघडता परत येतं. याला आरटीओ म्हणतात. काही ॲप याचा खर्च स्वतः उचलतात, काही विक्रेत्यावर टाकतात. नोंदणीपूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

विक्रेत्याने चूक केली तर जबाबदार कोण?

भारतात हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या साइटवर, जी त्याच वर्षी ईबेने विकत घेतली होती, एका विक्रेत्याने बेकायदा अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली. त्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. बाजार भरवणाऱ्यावर प्रत्येक विक्रेत्याच्या गुन्ह्याची जबाबदारी टाकायची का, यावर मोठी चर्चा झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ७९ मध्ये २००८ च्या दुरुस्तीने बदल झाला. मध्यस्थाने योग्य काळजी घेतली आणि कायदेशीर सूचना मिळाल्यावर बेकायदा मजकूर हटवला, तर त्याला संरक्षण मिळतं.

ग्राहकाच्या बाजूने २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. त्यांनुसार बाजारपेठेने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क दाखवायला हवा, तक्रार अधिकारी नेमायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि महिन्याभरात तिचा निपटारा करायला हवा. वस्तू कोणत्या निकषांवर वर-खाली दाखवल्या जातात, हेही सोप्या भाषेत सांगायचं आहे. सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि स्वतःच ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहू शकत नाही. नोंदणीच्या वेळी कागदपत्रांचा तगादा लावला जातो, त्याचं एक कारण हे नियमच आहेत.

बाजार भरवणाराच दुकान थाटतो तेव्हा

बाजारपेठेला प्रत्येक विक्रेत्याची विक्री, दर आणि परतीचं प्रमाण दिसतं. कोणाचं पान वर दाखवायचं हेही तीच ठरवते. तिच्याच नात्यातली एखादी कंपनी तिथे विकू लागली, तर बाकीच्यांना बरोबरीची संधी उरते का?

डिसेंबर २०१८ च्या प्रेस नोट २ मध्ये यावर बंधनं आली, ती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठेचा ज्या विक्रेता कंपनीत भांडवली हिस्सा आहे, तिला त्या ॲपवर विकता येत नाही. एखाद्या विक्रेत्याची २५ टक्क्यांहून अधिक खरेदी बाजारपेठेकडून किंवा तिच्या समूहातल्या कंपन्यांकडून होत असेल, तर त्याचा माल बाजारपेठेच्याच ताब्यात आहे असं मानलं जातं. पसंतीच्या विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचे आदेश दिले होते.

ओएनडीसी: ॲपऐवजी जाळं

या मक्तेदारीवर वेगळा उपाय म्हणून केंद्र सरकारच्या पुढाकाराने ओएनडीसी ही ना-नफा कंपनी ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोइम्बतूर इथे चाचणी सुरू झाली.

ओएनडीसी स्वतः काही विकत नाही. युपीआयमध्ये जसं एका ॲपवरून दुसऱ्या ॲपच्या माणसाला पैसे पाठवता येतात, तशीच ही कल्पना आहे. विक्रेता एका ॲपवर नोंदणी करतो आणि त्याचा माल जाळ्यातल्या वेगवेगळ्या खरेदीच्या ॲपवर दिसू शकतो. विक्रेत्याला एकाच ॲपच्या मर्जीवर राहावं लागू नये, हा हेतू. अडचणही यातच आहे. एका ऑर्डरमध्ये खरेदीचं ॲप, विक्रीचं ॲप आणि कुरिअर असे तीन वेगवेगळे हात असतात. पार्सल बिघडलं तर नेमकं कोणी भरून द्यायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

नोंदणीपूर्वी विक्रेत्याने काय विचारावं?

• कमिशन, ठरावीक शुल्क, कुरिअर आणि जाहिरात धरून एका ऑर्डरमागे एकूण किती कापलं जाईल?
• परत आलेल्या आणि न स्वीकारलेल्या पार्सलचा खर्च कोणाचा? बदललेली वस्तू परत आली तर तक्रार किती दिवसांत करायची?
• पैसे किती दिवसांनी जमा होतात? तोपर्यंत पुढचा माल घ्यायला भांडवल आहे का?
• सेलच्या काळात सूट दिली तर ती कोणाच्या खिशातून जाते?
• खातं बंद केलं तर अडकलेले पैसे आणि गोदामातला माल कसा परत मिळतो? दाद कोणाकडे मागायची?

सुरुवातीला पाच-सहा वस्तूच मांडाव्यात, दहा-वीस ऑर्डरचा हिशेब वहीत लिहून बघावा आणि मग माल वाढवावा. पार्सल पाठवताना आणि परत आलेलं उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवलं तर तक्रारीत पुरावा मिळतो. आपलं दुकान, ओळखीचे ग्राहक आणि घाऊक विक्री सुरूच ठेवावी. ॲपने उद्या क्रमवारी किंवा शुल्क बदललं, तर त्या दिवशीही चूल पेटायला हवी.